फ्वा ते ऑर्तेझ: गास्तों फेबूसच्या मुलखातून पूर्व-पश्चिम

पिरेनीज पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, चौदाव्या शतकात, एकाच सरदाराच्या ताब्यात दोन मुलूख होते आणि ते एकमेकांना लागून नव्हते. पूर्वेला फ्वाची काउंटी, पश्चिमेला बेआर्नची व्हायकाउंटी. मधल्या पट्ट्यात बिगॉर, कॉमँज आणि आर्मान्याक घराण्याचे हक्क. १२९०मध्ये लग्नसंबंधातून बेआर्न फ्वाच्या घराण्याकडे आलं आणि त्याबरोबर आर्मान्याकशी पिढ्यान्‌पिढ्या चालणारं वैरही आलं. फ्वासाठी मुजरा फ्रान्सच्या राजाला करायचा, तर बेआर्नवर गॅस्कनीचा ड्यूक म्हणून इंग्लंडचा राजा हक्क सांगणार. शतवार्षिक युद्धाच्या काळात या दोन दगडांवर पाय ठेवून जो उभा राहिला, तो गास्तों तिसरा. स्वतःला त्याने ‘फेबूस’ हे नाव घेतलं, म्हणजे सूर्यदेव अपोलो.

बहुतेक प्रवासी फ्वाचा गड पाहतात, दुसऱ्या एखाद्या सहलीत बेआर्नमधल्या ‘पो’ या शहरातला राजवाडा पाहतात, आणि मधला टापू मोटरवेवरून ओलांडतात. फेबूस समजून घ्यायचा तर हे टाळायला हवं. त्याचं आयुष्यभराचं राजकारण त्या मधल्या टापूत आहे. म्हणून हा मार्ग पूर्वेकडून पश्चिमेकडे आखला आहे. १३८८च्या हिवाळ्यात बखरकार झां फ्र्वासार फेबूसच्या भेटीला निघाला, तेव्हा तोही पामिएहून साधारण याच दिशेने ऑर्तेझला गेला होता.

तयारीबद्दल थोडं. मोंतानेर, मोर्लान आणि ऑर्तेझचा मोंकाद बुरूज हिवाळ्यात बंद असतात, त्यामुळे मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं, पण खोल्या महाग होतात. मधले किल्ले रेल्वेच्या वाटेवर नाहीत, गाडी लागतेच. ती तुलूझला घ्यावी आणि तिथेच परत करावी, दुसऱ्या शहरात सोडली तर जादा आकार पडतो. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना आधीच काढून न्यावा. स्वस्तातली गाडी हाती चालवायच्या गिअरची असते. ऑटोमॅटिक हवी तर आरक्षण करतानाच तसं सांगावं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची. शिवाय गावांत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो बोळातून का येईना. आपल्याकडच्या चालकांची चूक इथेच होते, कारण मोठ्या रस्त्यावरचा आपण पुढे, असं गृहीत धरलेलं असतं.

पहिला दिवस: तुलूझ ते फ्वा

तुलूझहून फ्वा सुमारे ८५ किलोमीटर. गाडी दुसऱ्या दिवशी घ्यायची असेल तर माताबियो स्थानकावरून लातूर-द-कारोलच्या दिशेने जाणारी रेल्वे सव्वा तासात फ्वाला सोडते. पण मग गाडीसाठी पुन्हा तुलूझला यावं लागतं, म्हणून सरळ गाडीनेच यावं हे बरं.

गड गावाच्या डोक्यावर, चुनखडीच्या कातळावर आहे. वर जायला गोट्यांची फरसबंदी केलेली चढण आहे. पावसात ती निसरडी होते, तळवा गुळगुळीत झालेले बूट नकोत. बुरुजांत अरुंद गोल जिने आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खालचं संग्रहालय आणि पहिलं आवार यांवर समाधान मानावं.

तीन बुरूज दिसतात: दोन चौकोनी, एक गोल. पर्यटकांना गोल बुरूज फेबूसचा म्हणून दाखवला जातो, कारण तोच सर्वांत देखणा आहे. तो पंधराव्या शतकातला आहे, म्हणजे फेबूसच्या मृत्यूनंतरचा. चौकोनी बुरूज त्याच्या आधीपासून होते. या गडावर फेबूसची अशी खूण जवळजवळ नाही, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. घराण्याचं नाव इथलं असलं तरी तो इथे फारसा राहिला नाही. त्याचा ओढा माझेर, पो आणि सर्वांत जास्त ऑर्तेझकडे होता. पुढे गडाचा तुरुंग झाला तो एकोणिसाव्या शतकापर्यंत. भिंतींवर कैद्यांनी कोरलेली अक्षरं आहेत, ती त्या नंतरच्या काळातली.

घराण्याची सुरुवात मात्र इथूनच समजून घ्यावी. फेबूसची आजी जान द’आर्त्वा हिला तिच्याच मुलाने, म्हणजे फेबूसच्या वडिलांनी, राजाच्या संमतीने १३३१मध्ये कैदेत टाकलं. आरोप उधळपट्टीचे आणि बेताल वागण्याचे होते. त्याच वर्षी ३० एप्रिलला फेबूस जन्मला. वडील गास्तों दुसरे १३४३मध्ये स्पेनमध्ये अल्जेसिरासच्या वेढ्यात मूरांविरुद्ध लढायला गेले आणि त्या मोहिमेतच वारले. मुलगा बारा वर्षांचा. आई आलियेनॉर द कॉमँज हिने कारभार हाती घेतला, मुलाला मुलूखभर फिरवून गावोगावी निष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या आणि तो चौदा वर्षांचा होताच सत्ता त्याच्याकडे सोपवली. फेबूसच्या यशात या बाईचा वाटा इतिहासाच्या पुस्तकांत जेवढा मिळतो त्यापेक्षा मोठा असावा, असं ती व्यवस्था पाहिल्यावर वाटतं. ठिकठिकाणी विखुरलेले हक्क एका अल्पवयीन मुलासाठी तुकडे न पडता राखणं सोपं नव्हतं.

गडाच्या आवारात माणसाने आत चालून फिरवायच्या मोठ्या चाकाची लाकडी यारी उभारली आहे. ती जरूर पाहावी. दोन दिवसांनी मोंतानेरचा विटांचा बुरूज पाहताना, एवढा माल वर गेला कसा, हा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर इथे आहे.

एक धागा आजपर्यंत आलेला आहे. १२७८ आणि १२८८च्या करारांनी फ्वाचा काउंट आणि उर्खेलचा बिशप हे अँडोराचे संयुक्त स्वामी झाले. काउंटचा हक्क पुढे पिरेनीजमधल्या नाव्हार या राज्याच्या राजांकडे, तिथून फ्रान्सच्या राजाकडे आणि शेवटी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाकडे गेला. अँडोराचे दोन सहराजपुत्र आजही बिशप आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आहेत.

दुसरा दिवस: फ्वा ते मोव्हझँ

सकाळी लवकर निघावं. सँ-जिराँमार्गे साल्यु-साला, तिथून ए-६४ मोटरवे आणि काप्व्हेर्नला बाहेर. सुमारे दोन तास लागतात. मोटरवेवर काही टप्प्यांत टोल आहे, कार्ड चालतं. उत्तरेकडच्या माझेरला वळसा घालण्याचा मोह होईल, कारण १३९०मध्ये फेबूसने राजा सहाव्या शार्लचा तिथे थाटामाटात पाहुणचार केला. पण त्या वाड्याचं आता काही उरलेलं नाही. वेळ मोव्हझँसाठी ठेवावा.

मोव्हझँ म्हणजे डोंगरधारेच्या टोकावरचा चौकोनी कोट, मधोमध अंगण, एका बाजूला उंच बुरूज. बुरुजावर गेलं की दक्षिणेला पिरेनीजची रांग आणि पायथ्याच्या टेकड्या दिसतात. ढग नसेल तर पीक द्यु मिदी ओळखू येतं. दुपारनंतर ढग चढतात, म्हणून आधी गच्ची, मग खालची दालनं, असा क्रम ठेवावा.

किल्ल्यात पाण्याकडे लक्ष द्यावं. फ्र्वासार सांगतो की फ्रान्सच्या राजाचा भाऊ, आंजूचा ड्यूक याने १३७३मध्ये मोव्हझँला वेढा घातला तेव्हा किल्ल्याची विहीर कोटाबाहेर होती. उन्हाळा कडक, पाऊस नाही, आणि वेढा घालणाऱ्यांनी विहिरीची वाट तोडली. साधारण सहा आठवड्यांत आतल्या शिबंदीने किल्ला सोडला. भिंत फुटली नव्हती, धान्यही संपलं नव्हतं, तहानेने किल्ला पडला. शिवछत्रपतींच्या गडांवरची टाकी मोजत फिरणाऱ्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. अंगणातला पाण्याचा हौद पाहताना ही हकीकत डोक्यात ठेवावी.

किल्ला १३७९मध्ये फेबूसकडे आला. फ्वा आणि बेआर्नच्या मधोमध, तुलूझहून येणाऱ्या मार्गावर, त्याला हवा तसा मुक्कामाचा टप्पा मिळाला. दरवाजावर ‘माझी सखी सुंदर आहे’ अशा अर्थाचा कोरीव लेख आहे. त्याचा संबंधही चुकून फेबूसशी लावला जातो. ते ब्रीद त्याच्या नंतरचा काउंट झां याचं, पंधराव्या शतकातलं. १९०७पासून किल्ल्याची मालकी बेआर्नी-गास्कन भाषेसाठी काम करणाऱ्या, फेबूसचंच नाव घेतलेल्या एका संस्थेकडे आहे. पाट्यांवर दिसणारी वेगळी भाषा ती हीच.

मुक्काम तार्बला करावा. तिथे पाहण्यासारखं फार नाही, पण खोल्या स्वस्त आहेत आणि सकाळचा रस्ता वाचतो.

तिसरा दिवस: मोंतानेर

या प्रवासात एकच किल्ला पाहायचा असेल तर तो मोंतानेर. तार्बपासून अर्ध्या-पाऊण तासावर, शेतांच्या मधोमध टेकडीवर तो उभा आहे. जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरात अनेकदा फक्त दुपारी उघडतो आणि आठवड्यात एक दिवस बंद असतो. आदल्या रात्री वेळ तपासल्याशिवाय निघू नये, कारण कुंपणाबाहेरून अर्धाही कळत नाही. गावात जेवणाची सोय बेभरवशाची आहे, तार्बहून पाव, चीज, फळं घेऊन निघावं.

हा भाग बिगॉरच्या सरहद्दीवर आहे. १३६०च्या फ्रान्स-इंग्लंडमधल्या ब्रेतिन्यी तहाने बिगॉर इंग्रजांकडे गेलं, लूर्दच्या किल्ल्यात त्यांची शिबंदी बसली. बेआर्नचं पूर्वेचं दार उघडं पडलं. फेबूसने १३७०च्या दशकात जुन्या जागेवर मोंतानेर नव्याने बांधायला घेतला. बांधकामावर त्याचा माणूस होता सिकार द लॉर्दा.

पैसा कुठून आला, ते इथे उभं राहून आठवायला हवं. ५ डिसेंबर १३६२ रोजी तुलूझच्या वायव्येला लोनाकजवळ फेबूसने आर्मान्याकच्या सैन्याचा पाडाव केला. नुसता पाडाव नव्हे, काउंट आर्मान्याकसह शत्रुपक्षाचे बहुतेक मोठे सरदार जिवंत हाती लागले. मध्ययुगीन युद्धात जिवंत सरदार म्हणजे रोकड. एकट्या काउंटवर ३,००,००० फ्लोरिनची (सोन्याच्या नाण्यांची) खंडणी बसली. ती वर्षानुवर्षं हप्त्यांनी येत राहिली. त्या एका दिवसाने फेबूस या टापूतला सर्वांत रोकड बाळगून असलेला सरदार झाला. फ्रान्स आणि इंग्लंडचे राजे कर्जात असताना तो इतरांना कर्ज देत होता. शिवाय त्याने प्रजेवर चूलपट्टी नियमित बसवली. १३८५मध्ये बेआर्नमधल्या घरांची गावनिहाय नोंद करून घेतली. ती नोंदवही टिकून आहे, आणि मध्ययुगातल्या खेड्यांची इतकी तपशीलवार यादी क्वचित मिळते.

आता भिंती पाहा. तळाला नदीतले गोटे, वर सगळी वीट. या भागात चांगला बांधकामाचा दगड नाही. चिकणमाती, जळण आणि गोटे मुबलक. दगड घडवायला कुशल पाथरवट लागतो, वीट साच्यातून निघते आणि कमी शिकलेल्या मजुरांकडून पटापट रचून घेता येते. म्हणून त्याच्या किल्ल्यांचा एक नमुनाच तयार झाला: बहुकोनी किंवा गोलसर साधा कोट, बाजूला पुढे आलेले बुरूज नाहीत, एकच दरवाजा, त्या दरवाजालगत उंच चौकोनी बुरूज, आणि बचाव मुख्यतः वरून. खालच्या भिंतीत झरोके कमी. असा किल्ला थोड्या माणसांत राखता येतो. फेबूसला पगारी शिबंदी कमी ठेवायची होती आणि किल्ले जास्त, म्हणून हा हिशेब बसतो.

मोंतानेरचा बुरूज ३५ मीटरहून उंच आहे. त्याच्यावर फ्वा-बेआर्नची मुद्रा कोरलेली आहे. फ्वाचे उभे पट्टे, बेआर्नच्या गाई, आणि त्याखाली ‘फेबूस मे फे’, म्हणजे ‘मला फेबूसने घडवलं’. मोव्हझँच्या लेखाशी याची तुलना करून पाहावी. इथे घराण्याचं नाव नाही, पदवी नाही, फक्त स्वतः निवडलेलं नाव. आत जाण्याआधी दरवाजाच्या वर पाहायला विसरू नये. सकाळी तिथे सावली असते, दुपारनंतर अक्षरं नीट वाचता येतात. लहान दुर्बीण किंवा लांब भिंगाचा कॅमेरा असेल तर सोबत ठेवावा.

वरच्या गच्चीवर जाताना जिना लांब आहे, पाणी खालीच पिऊन घ्यावं. खाली गावातल्या सँ-मिशेल चर्चमध्ये भित्तिचित्रं आहेत. ती फेबूसनंतरची आहेत, पण वाट वाकडी करावी लागत नाही. संध्याकाळी पोला पोचावं, सुमारे ४० किलोमीटर.

चौथा दिवस: पो आणि मोर्लान

पोचा राजवाडा म्हणजे आज प्रामुख्याने राजा चौथ्या आंरीचं जन्मस्थान. १५५३मध्ये तो इथे जन्मला आणि ज्या कासवाच्या पाठीत त्याचा पाळणा केला होता असं मानतात, ती पाठ आत ठेवली आहे. दालनं मार्गदर्शकासोबतच पाहता येतात, निवेदन मुख्यतः फ्रेंचमध्ये असतं. १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद.

फेबूससाठी आत जाणं सक्तीचं नाही. त्याचा भाग बाहेरून दिसतो: प्रवेशाजवळचा विटांचा उंच चौकोनी बुरूज. भोवतीच्या पांढऱ्या दगडी नक्षीत तो लगेच वेगळा पडतो, आणि कालचा मोंतानेर पाहिलेला असेल तर ओळख सांगावी लागत नाही. बाकीचा वाडा पुढच्या पिढ्यांनी राहण्याजोगा केला. रेल्वे स्थानक खाली, शहर वर. मध्ये १९०८पासूनची उतरंडीची छोटी रेल्वे आहे आणि ती फुकट आहे. वरच्या बुलव्हार दे पिरेनेवरून पर्वतरांग पाहावी. सकाळी लवकर हवा स्वच्छ असते.

जेवणाबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला पोचलात तर स्वयंपाकघर बंद. बेआर्नचं प्रसिद्ध सूप ‘गारब्यूर’ भाज्या आणि कोबीचं असलं तरी त्यात बदकाचं किंवा डुकराचं मांस असतं. शाकाहारींनी ‘भाज्यांचं सूप’ या वर्णनावर विसंबू नये. ऑसो-इराती हे मेंढीच्या दुधाचं चीज, पाव, सॅलड आणि अंडं चालत असेल तर ऑम्लेट, एवढ्यावर दिवस निघतो.

दुपारी मोर्लान, पोच्या वायव्येला सुमारे तीस-पस्तीस किलोमीटर. हा किल्ला फेबूसने आपला सावत्र, अनौरस भाऊ आर्नो-गिलेम याच्यासाठी बांधवला. पुन्हा तोच साचा: विटा, बहुकोनी कोट, दरवाजावर बुरूज. मोंतानेर ही सरहद्दीची चौकी, तर मोर्लान बेआर्नची उत्तर बाजू राखणारी. विसाव्या शतकात किल्ल्याची मोठी दुरुस्ती झाली, त्यामुळे आतलं फर्निचर आणि चित्रं संग्राहकांनी जमवलेली आहेत, मूळची नव्हेत.

आर्नो-गिलेमची नेमणूक नीट पाहण्यासारखी आहे. वारसाहक्क नसलेला भाऊ हा सरदारासाठी सर्वांत सुरक्षित माणूस असतो: त्याची सगळी प्रतिष्ठा धन्यावर अवलंबून. फेबूसने अनौरस भाऊ आणि मुलगे यांना कायम जवळ ठेवलं. औरस मुलाच्या बाबतीत काय झालं, ते ऑर्तेझला.

पाचवा दिवस: ऑर्तेझ

मोर्लानहून ऑर्तेझ अर्धा तास. गाडी स्थानकाजवळ लावावी आणि दिवसभर पायी फिरावं. गाव लहान आहे, पण घाई करू नये.

आधी मोंकाद बुरूज. तेराव्या शतकात बेआर्नच्या सातव्या गास्तोंने बांधलेला, पाच कोनांचा. भोवतीचा वाडा गेला, बुरूज उरला. फेबूसचा दरबार इथे होता. २५ सप्टेंबर १३४७ रोजी, म्हणजे क्रेसीच्या लढाईत फ्रान्सचा पराभव होऊन वर्ष उलटल्यावर, याच गावात सोळा वर्षांच्या फेबूसने फ्रेंच राजाच्या दूताला उत्तर दिलं: फ्वासाठी मी राजाचा सेवक आहे, पण बेआर्न मी देवाकडून धारण करतो, जगातल्या दुसऱ्या कोणाकडून नाही. पुढे १३६४मध्ये आजाँला इंग्लंडचा युवराज ‘ब्लॅक प्रिन्स’ याच्यासमोर त्याने इतर जहागिरींसाठी मुजरा केला आणि बेआर्नचा विषय आला तेव्हा तो टाळला. चाळीस वर्षं दोन्ही राजांना त्याने असंच झुलवत ठेवलं. त्या काळात भाडोत्री टोळ्यांनी सगळा दक्षिण फ्रान्स लुटला, बेआर्न मात्र बहुतांशी सुटलं.

आता कुटुंब. १३४९मध्ये त्याचं लग्न नाव्हारच्या राजकन्येशी, आन्येसशी झालं. ती नाव्हारचा राजा दुसरा शार्ल, ज्याला पुढे ‘दुष्ट’ म्हणू लागले, त्याची बहीण. ठरलेला हुंडा पूर्ण मिळाला नाही. १३६२मध्ये वारस जन्मला, त्याचंही नाव गास्तों. लोनाकचा विजय मिळाल्यावर, मूल काही महिन्यांचं असताना, फेबूसने आन्येसला माहेरी धाडून दिलं. ती परत आली नाही. दिलेलं कारण हुंड्याचं. मुलगा झाला होता आणि खंडणीचा पैसा येऊ घातला होता, आता त्याला त्या सोयरिकीची गरज उरली नव्हती. त्याच्या सगळ्या निर्णयांत हा सर्वांत कोता होता. याचीच किंमत पुढे त्याने मोजली.

१३७९मध्ये आर्मान्याकशी तह झाला आणि तरुण गास्तोंचं लग्न बेआत्रीस द’आर्मान्याकशी लावून दिलं. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १३८०च्या सुमारास, हा मुलगा ऑर्तेझच्या वाड्यात कैदेत मेला. फ्र्वासारने आठ वर्षांनी एका म्हाताऱ्या शिलेदाराकडून मिळवलेली हकीकत अशी. मुलगा आईला भेटायला नाव्हारला गेला. मामाने पुडी दिली: वडिलांच्या ताटावर टाक, आईवरचं त्यांचं प्रेम परत येईल, कोणाला सांगू नकोस. परतल्यावर चेंडूच्या खेळात अनौरस भाऊ इव्हें याच्याशी भांडण झालं, इव्हेंने वडिलांकडे पुडीची चुगली केली. फेबूसने जेवताना मुलाच्या छातीवरून पुडी कापून घेतली, भुकटी पावाच्या तुकड्यावर टाकून कुत्र्याला घातली. कुत्रा मेला. मुलगा अंधाऱ्या कोठडीत. त्याच्या सोबतच्या शिलेदारांना देहदंड. बेआर्न आणि फ्वाच्या प्रतिनिधींनी मुलाच्या जिवाची भीक मागितली. मुलाने अन्न सोडलं. ते कळल्यावर बाप तावातावाने कोठडीत आला. त्याच्या हातात नखं साफ करायचा छोटा चाकू होता, त्याचं टोक मुलाच्या गळ्याला लागलं, शीर कापली गेली.

ही हकीकत दरबारातल्यांनी सांगितलेली आहे, धन्याची बाजू सावरून. ‘अपघात’ हा शब्द म्हणूनच जपून घ्यावा. कटात नाव्हारच्या राजाशिवाय फेबूसवर चिडलेले बेआर्नी सरदारही असावेत, असा इतिहासकारांचा कल आहे. फेबूसच्या नावावर प्रार्थनांचा एक संग्रह आहे, लॅटिन आणि फ्रेंच, पश्चात्तापाने भरलेला. तो या घटनेनंतरचा मानला जातो.

यानंतर रू बूर-व्ह्यो या गल्लीत जावं. तिथे ‘चंद्र’ नावाची जुनी सराय, ऑतेल द ला ल्यून, अजून उभी आहे. २५ नोव्हेंबर १३८८ला फ्र्वासार ऑर्तेझला पोचला आणि इथे उतरला. फेबूससाठी त्याने चार शिकारी कुत्रे भेट आणले होते: त्रिस्तां, हेक्टर, ब्रँ आणि रोलां. सुमारे बारा आठवडे तो राहिला. फेबूस दुपारी उठायचा, मध्यरात्री जेवायचा. बारा सेवक बारा मशाली घेऊन पुढे चालायचे, बारा मशाली टेबलापाशी धरायचे. कोंबडीचे पंख आणि तंगड्या एवढंच तो मुख्यतः खायचा. फ्र्वासार रोज रात्री आपलं ‘मेलियादोर’ हे काव्य वाचून दाखवायचा, आणि फेबूस त्याच्याशी गास्कनमध्ये नव्हे, चांगल्या फ्रेंचमध्ये बोलायचा. निरोपाला ८० फ्लोरिन मिळाले. सराय बाहेरून आणि अंगणातून पाहता येते, जिन्याचा बुरूज लक्षात राहतो.

त्याच वर्षांत फेबूस आपला शिकारीवरचा ग्रंथ सांगून लिहवून घेत होता. सुरुवात १ मे १३८७, अर्पण बर्गंडीच्या ड्यूक फिलिपला. आयुष्यात शस्त्र, प्रेम आणि शिकार या तीन गोष्टींत रमलो, त्यातल्या पहिल्या दोन्हींत माझ्याहून श्रेष्ठ गुरू झाले, पण शिकारीत मी कोणाला मानत नाही, असं तो सांगतो. हा ग्रंथ दरबारी बडबड नाही. कुत्र्यांच्या घराचं मापच पाहा: लांबी दहा तोआझ, रुंदी पाच, म्हणजे साधारण साडेएकोणीस बाय पावणेदहा मीटर. जमीन लाकडी, मातीपासून एक फूट वर, म्हणजे ओल, पिसवा आणि किडे लागत नाहीत. दुसऱ्या बाजूला उन्हातलं अंगण, दार कायम उघडं. कुत्र्यांनी मुतावं म्हणून गवत गुंडाळलेले खुंट. पावसात भिजून आलेल्या कुत्र्यांसाठी चूल, गवत रोज बदलायचं, आणि एक मुलगा रात्रंदिवस तिथेच राहणार, कुत्रे भांडू नयेत म्हणून. प्राण्यांमध्ये रेनडिअरही आहे, कारण १३५७-५८मध्ये ट्युटॉनिक सरदारांच्या (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या) मोहिमेसाठी तो प्रशियाला गेला, तेव्हा उत्तरेकडे त्याने तो स्वतः पाहिला होता. ‘फेबूस’ हे नावही तो त्याच सुमारास वापरू लागला.

शेवटी गाव्ह नदीवरचा जुना पूल, मध्यावर बुरूज असलेला. पुलावरून चालत पलीकडे जावं आणि मागे वळून पाहावं, बुरुजाची उंची तिथून कळते.

सहावा दिवस: लोपिताल-दोरियों आणि सोव्हतेर

ऑर्तेझहून सोव्हतेरच्या रस्त्याने सुमारे बारा किलोमीटरवर लोपिताल-दोरियों हे खेडं. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाच्या यात्रेकरूंसाठी इथे धर्मशाळा होती, तिचं चर्च टिकून आहे. १ ऑगस्ट १३९१ला फेबूस सोव्हतेरच्या रानात अस्वलाच्या शिकारीला गेला आणि दुपारी जेवायला इथे आला. फ्र्वासार लिहितो: हात धुवायला त्याने बोटं गार पाण्यात घातली, चेहरा फिकट पडला, पाय लटपटले, आणि ‘मी मेलो, देवा, दया कर’ म्हणत तो कोसळला. अर्ध्या तासात संपलं. वय साठ.

इथे पाटी आहे, चर्च आहे, एवढंच. उघडं नसेल तर पंधरा मिनिटांत पुढे निघावं. सोव्हतेर-द-बेआर्नमध्ये मात्र वेळ काढावा: गाव्ह दोलोरोंवरचा अर्धवट उरलेला मध्ययुगीन पूल, मोंरेआल बुरूज आणि सँतांद्रे चर्च एकाच चालण्यात होतात.

वारसाचं पुढे काय झालं, ते इथे सांगायला हवं. जानेवारी १३९०मध्ये तुलूझला फेबूसने राजाशी करार केला होता: माझ्यानंतर सगळं राजाचं. मृत्यूनंतर इव्हेंने वडिलांची अंगठी आणि चाकू घेऊन घोडा फेकला, ऑर्तेझच्या वाड्यात शिरला आणि खजिना ताब्यात घेतला. बुरुजात सात लाखांहून अधिक फ्लोरिन होते. पण लोक अनौरस मुलाला धनी मानायला तयार नव्हते. आठवड्याभरात बेआर्नचे प्रतिनिधी ऑर्तेझला जमले आणि त्यांनी चुलतशाखेतल्या मातियो द कास्तेलबोंला पुढे केलं. राजाशी केलेला करार बुडाला. इव्हें पॅरिसच्या दरबारात गेला. २८ जानेवारी १३९३ला राजवाड्यातल्या नाचात, राळ आणि तागाची सोंगं घेतलेल्या सरदारांना मशालीची ठिणगी लागली, भाजलेल्यांत तो होता आणि त्यातच गेला. दुसरा अनौरस मुलगा बेर्नार मात्र कधीच स्पेनला गेला होता. मेदिनासेलीचा काउंट होऊन त्याने तिथे घराणं उभारलं, तेच पुढे ड्यूक झाले. मातियो निपुत्रिक वारला आणि मुलूख त्याची बहीण इझाबेल आणि तिचा नवरा आर्शांबो द ग्रायी यांच्याकडे गेला. चौथा आंरी त्यांचाच वंशज. १६०७मध्ये त्याने फ्वा फ्रान्सच्या राजमुकुटात मिळवलं. बेआर्नसाठी १६२०पर्यंत थांबावं लागलं.

परतीला सोव्हतेरहून ऑर्तेझमार्गे ए-६४ धरला की तुलूझ सुमारे अडीच-तीन तास. रेल्वेने जायचं असेल तर ऑर्तेझहून पोमार्गे तुलूझ, किंवा उलट दिशेला बायोन. पॅरिसहून विमान असेल तर शिकारीच्या ग्रंथाची सर्वांत सुंदर, ८७ चित्रांची प्रत तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, पण ती दर्शनाला मांडलेली नसते. ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर ‘फ्रान्से ६१६’ या क्रमांकाने ती पानापानाने, फुकट पाहता येते. निघण्याआधीच ती चाळून ठेवावी, म्हणजे ऑर्तेझचा दिवस जास्त कळतो.